बॉलपासून पळणारा दत्तूदा

बॉल जवळ येतोय म्हटल्यावर त्याच्यापासून लांब पळणारा फॉरवर्ड मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्याच तालमीच्या फुटबॉल संघातला होता, नऊ नंबरचा शर्ट घालायचा, आणि अख्खं कोल्हापूर त्याला पळपुट्या म्हणायचं. बॉल उजवीकडं आला की हा डावीकडं. बॉल गोलसमोरच्या डीच्या तोंडाशी आला की हा कॉर्नरच्या झेंड्याकडं. स्टेडियमच्या पायऱ्यांवरून हाळी यायची, "ए पळपुट्या, बॉल हिकडं हाय की!" दत्तूदा मान वर करून बघायचाही नाही.

मी संघात मधल्या फळीतला हाफ म्हणून आलो ते नव्वदच्या दशकाच्या मधल्या काळात. फॉरवर्ड दिसला की त्याच्या पायात पास द्यायचा, एवढंच मला येत होतं. पहिल्याच मॅचला मी दत्तूदाला तसे पास देत राहिलो आणि समोरच्या पेठेचा बाळू नावाचा आडदांड स्टॉपर ते आरामात काढून घेत राहिला. मॅच संपल्यावर दत्तूदा शेजारी येऊन बसला आणि बुटाच्या नाड्या सोडत म्हणाला, "मी हाय तिथं कशाला बॉल धाडालायस? मी हाय तिथं बाळूबी हाय. मी जिथनं उठलोय तिथं धाड." तेव्हा मला यातलं ओ की ठो कळलं नाही.

ही अक्कल त्याला म्हशींनी दिली, असं तो सांगायचा. घरचा धंदा दुधाचा. पहाटे धारा काढायच्या, मग म्हशी पाण्यावर न्यायच्या आणि संध्याकाळी मैदानावर यायचं. "म्हशीला वाट दिसली पायजे, मंग ती आपली आपण जाती," तो म्हणायचा. "डिफेंडर उलटा. त्येला माणूस दिसला की त्यो वाट सोडतोय. आपून नुसतं दिसायचं, आन् निघून जायचं."

एकदा त्यानं आम्हाला बॉलशिवाय प्रॅक्टिस करायला लावली. कोण कुठून पळणार, कोण त्याची जागा भरणार, एवढंच. बारा-चौदा दांडगी पोरं रिकाम्या मैदानावर इकडून तिकडं पळताहेत हे बघून रस्त्यावरचे लोक सायकली थांबवून उभे राहिले. एकानं मोठ्या काळजीनं विचारलं, "पावणं, बॉल हरवलाय व्हय?" दत्तूदा म्हणाला, "न्हाय, घरात ठेवलाय. लई तरास देतोय." आम्ही हसून हसून खाली बसलो, पण त्या हंगामापासून आमचे गोल वाढले. गोल मारायचा तो दत्तूदानं मोकळ्या केलेल्या जागेत विंगवरून घुसणारा संजू, आणि शिव्या खायचा दत्तूदा.

आमच्याकडं स्पर्धा जिंकली की फायनलमध्ये गोल मारणाऱ्याला तालमीत फेटा बांधतात. मग गुलाल, हलगी आणि पेठेतून मिरवणूक. दारादारात बायका त्याला ओवाळतात. दत्तूदाचं घर मिरवणुकीच्या वाटेवरच. त्याची आई, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, दर वेळी ताट घेऊन उंबऱ्यात उभी असायची. दुसऱ्यांच्या पोरांना ओवाळायची आणि मागून येणाऱ्या आपल्या पोराला विचारायची, "तुझा फेटा कवा रं?" तो "यील की" म्हणून गोठ्यात निघून जायचा. त्याला फेट्याचं काही वाटत नाही असं लोक समजायचे. मला तसं वाटत नाही. मिरवणुकीत तो फेटा बांधलेल्याच्या बरोब्बर मागं चालायचा आणि आपलं दार आलं की मान खाली घालायचा.

दोन हजार सालाच्या आसपास त्याचा गुडघा गेला. डॉक्टरांनी हा शेवटचा हंगाम म्हणून सांगितलं. आम्ही फायनलला पोचलो, समोर नेमका बाळूचा संघ. तेव्हा आम्ही सगळ्यांनी त्याला न विचारता ठरवलं, की आज काय वाटेल ते होवो, गोल दत्तूदाचाच. संजूसुद्धा खुशीनं तयार झाला.

पहिल्या हाफात आमचा प्रत्येक बॉल दत्तूदाकडं गेला. बाळूला आणखी काय हवं होतं? त्यानं प्रत्येक बॉल काढला, आणि त्यातल्याच एकावर त्यांनी गोल चढवला. विश्रांतीला दत्तूदानं पाण्याचा मग ठेवला आणि आमच्या तोंडांकडं बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. "मला फेटा बांधायला आलाईसा व्हय?" तो म्हणाला. "तालीम हरली तर फेटा कुठला, आन् आईम्होरं कसा जाऊ? नीट खेळा."

दुसऱ्या हाफात तो पार मधल्या रेषेपर्यंत मागं आला. बाळू सवयीनं त्याच्या मागं आला, मधे खिंडार पडलं आणि संजूनं बरोबरी केली. मग बाळू शहाणा झाला, जागा सोडेना. म्हणजे आता दत्तूदा खरोखरच मोकळा राहिला. मी डीच्या कडेला त्याला बॉल दिला. या वेळी मुद्दाम नाही, तोच योग्य पास होता. समोर गोलकीपर, आणि बाळू मधली जागा सोडून जिवाच्या आकांतानं धावत आलेला. दत्तूदानं मारायला पाय उचलला. बॉल त्या पायाखालून पुढं जाऊ दिला. मागून आलेल्या संजूनं तो जाळ्यात घातला.

आम्ही जिंकलो, आणि मला दत्तूदाचा भयंकर राग आला. "मारायचा की!" मी ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "बाळू माझ्यावर आलता, संज्या मोकळा हुता. ह्यात इचार कसला करायचा?" संध्याकाळी फेटा संजूला बांधला. मिरवणूक दत्तूदाच्या दारात आली, मावशीनं संजूला ओवाळलं. त्या दिवशी तिनं पोराला काही विचारलं नाही. ते मला फार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुधाला गेलो. दत्तूदा म्हशीखाली बसून धार काढत होता. धार चालू असताना तिथं कुणी बोललेलं मावशीला खपत नसे. म्हैस बिथरली की दूध चढवते, मग थेंब मिळत नाही. मी गप उभा होतो, तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी बाळू दिसला. हरलेल्या पेठेचा स्टॉपर, फायनलच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या गल्लीत एकटा. कट्ट्यावरची पोरं उठून उभी राहिली. बाळूच्या काखेत गुंडाळलेला फेटा होता.

"मावशी," तो गोठ्यात येऊन दाराशी उभ्या मावशीला म्हणाला, "तुमच्या पोराच्या मागं पळून माझं बूट झिजलं. काल दोन्ही गोल ह्येनंच केल्यात. लोकास्नी दिसलं न्हाय, मला दिसलं." आणि तो दत्तूदाच्या डोक्याला फेटा गुंडाळायला लागला.

म्हैस अर्धी पिळलेली, दोन्ही हात गुंतलेले; दत्तूदाला उठता येईना. मावशी ताट घेऊन आली. म्हशीनं पाय आपटला.

"आई, थांब की. म्हस दूध चढवंल," दत्तूदा खाली मान घालून म्हणाला.

"चढवू दे," मावशी म्हणाली. "वर बघ."