तलावाला उलटी फेरी

आमच्या तलावाला फिरायला येणारी सगळी माणसं एकाच अंगानं फिरतात. फाटकातनं आत आलं की डावीकडं वळायचं. तसा बाणाचा बोर्डच ठोकलाय. माझी बायको मात्र उजवीकडं वळायची.

"लोकांच्या पाठी बघत कशाला फिरायचं? तोंडं तरी दिसू द्या की," म्हणायची आणि सुटायची. मी मागनं.

आमचा दोघांचा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेला. मी माग चालवायचो, ती सुताच्या कांड्या भरायची. त्यामुळं दोघांचाबी आवाज लई मोठा. ह्या काठाला आमचं भांडण लागलं की त्या काठाचा बगळा उडायचा.

समोरनं रोज एक टोपीवाले पेन्शनर यायचे. उलटसुलट फिरल्यामुळं एका फेरीत दोनदा गाठ पडायची, आणि दोन्ही वेळेला त्यांचं तेच.

"वहिनी, उलटी प्रदक्षिणा घालू नये. उलटं मसणात फिरतात."

"आत देव बसलाय व्हय?" ही तिथनंच ओरडायची. "आत म्हशी बसल्यात!"

टोपीवाले तलावाकडं तोंड करून हसायचे. आपल्याला दिसू नये म्हणून.

म्हशी तेव्हा खरंच बसायच्या. हा तलाव दुष्काळात लोकांनी हातानं खोदला असं माझा बाप सांगायचा. खरंखोटं त्यालाच ठाऊक. मी बघितला तेव्हा काठाला बाभळी होत्या, मधी कमळं, आणि कमळांच्या पानावरनं पाणकोंबडी अशी चालायची की जणू घरात फरशी पुसून ठेवलीय. ही मैंदर्गीहून लग्न होऊन आली ती पहिल्या उन्हाळ्यात वाकळा धुवायला इथंच. पुढं कुंपण आलं, फरशी आली, बाकडी आली. म्हशींना बंदी झाली आणि त्यांच्या जागी पायानं चालवायच्या प्लास्टिकच्या बदकांच्या होड्या आल्या. हिच्या धुण्याच्या दगडापाशी फोटो काढायला मोठा लाल बदाम उभा केलाय. कॉलेजची पोरं-पोरी त्यात बसतात.

"माझ्या वाकळांचा सगळा मळ हितं पडलाय," ही त्यांना सांगायची. "फोटो चांगलाच येणार."

पौषात ती गेली. तापाचं निमित्त झालं.

पुढं बरेच दिवस मी तिकडं फिरकलो नाही. मग एक दिवस गेलो. फाटकात पाय आपोआप उजवीकडं वळले, मी ते माघारी ओढले. उजवीकडं गेलो असतो तर एकेक तोंड समोर येणार आणि विचारणार, आज एकटेच? किती जणांना सांगत बसायचं? मी बाणानं निघालो.

बाणाची वाट लई सोयीची. कुणी काही विचारत नाही. नुसत्या पाठी. एकाच्या स्वेटरची चिठ्ठी कायम बाहेर, एकाची चप्पल एकाच बाजूनं झिजलेली. बघून बघून कंटाळा आला. पाणकावळा तेवढा दगडावर पंख पसरून बसायचा, वाळत घातलेल्या सदऱ्यागत. तोबी पाठमोराच.

उन्हाळा लागला आणि एका संध्याकाळी टोपीवाले बाकावर दम खात बसलेले दिसले.

"अहो, होतात कुठं? मी रोज बघतोय समोरनं येताय का. वहिनी माहेरी गेल्यात की काय?"

"मी येतोय की रोज. तुमच्याच मागनं."

"तुम्ही? बाणानं?" त्यांनी माझ्या पायाकडं बघितलं, जसं काय मी दुसऱ्याच्या चपला घालून आलोय.

"गेली ती," मी म्हटलं. "पौषात."

त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. समोरनं एक बदक गेलं, आत नवरा-बायको भांडत होते. ते लांब गेल्यावर टोपीवाले एकदम चिडून बोलले, "मग मला आता उत्तर कोण देणार? घरात मी काही बोललो की सगळे हो हो म्हणतात आणि टीव्ही बघतात. दिवसाकाठी तेवढं एक माणूस मला उलट बोलत होतं!"

मी म्हटलं, "बघू."

दुसऱ्या दिवशी फाटकात जरा थांबलो. मग वळलो उजवीकडं. पहिलंच तोंड, "आज एकटेच?" "गेली ती." दुसरं, तिसरं. एका बाईनं तर माझा हातच धरला, सोडेना. अर्ध्या फेरीपर्यंत घसा कोरडा पडला. तेवढ्यात लांबनं टोपी दिसली.

"उलटी प्रदक्षिणा घालू नये!"

मी मागाच्या खडखडाटावरनं ओरडायचो तसा ओरडलो, "आत देव बसलाय व्हय? आत..." आणि अडकलो. आत म्हशी कुठायत आता? "आत बदकं बसल्यात!"

टोपीवाले माझ्याजवळ येऊन थांबले.

"म्हशीच म्हणा हो," हळू आवाजात म्हणाले. "बदकांना काही मजा नाही."

आणि बाणाच्या वाटेनं पुढं गेले. अर्ध्या फेरीनं परत समोर येणारच होते. मी घसा साफ करून घेतला.