खंडेनवमीची रायफल

आमच्या ह्यांना जुन्या लष्करी रायफली जमवायचा नाद होता. दिवसभर हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात लोखंडाशी झुंजायचं आणि घरी येऊन बेसमेंटमध्ये पुन्हा लोखंडच पुसत बसायचं. मला त्याचं काडीचंही कौतुक नव्हतं. सासूबाई पहिल्यांदा कॅनडात आल्या त्या वर्षी ह्यांनी चौथी रायफल आणली तेव्हा मी भडकलेच.

"आणखी एक? लॉन्ड्रीला तरी जागा ठेवा."

"ही रेअर वगैरे नाहीये गं. बाबांच्या पलटणीत हीच असायची."

मग मीच लॉन्ड्रीची टोपली सरकवून जागा केली. सासरे ब्रह्मदेशातल्या लढाईत बेपत्ता झाले तेव्हा हे पाळण्यात होते. बारा वर्षं वाट पाहून साताऱ्याकडच्या त्यांच्या गावानं सासूबाईंना कुंकू पुसायला लावलं. तेव्हापासून नवऱ्याबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. मुलानं विचारलं, की काहीतरी काम काढून उठून जायच्या. ही रायफल पाहून तरी आई बोलेल, बाबा कसे होते ते सांगेल, एवढीच ह्यांची आशा होती.

खंडेनवमीला अंगणातला झेंडू फ्रॉस्टनं काळवंडला होता, तोच घेतला. ह्यांनी पाटावर नटबोल्टचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, गाडीच्या किल्ल्या मांडल्या आणि मधोमध ती रायफल ठेवली. हळदकुंकू मी वाहिलं. सासूबाई विधवेच्या रिवाजाप्रमाणे पूजेपासून लांब, खुर्चीवर बसल्या होत्या. पूजा झाल्यावर ह्यांनी रायफल उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

"आई, बाबांकडे अशीच होती. हात लाव की."

त्यांनी आधी लाकडावरून बोटं फिरवली. मग दोन्ही हातांनी ती उचलायला गेल्या, जरा उचलली आणि पुन्हा मांडीवर टेकवली.

"ह्ये घिऊन चालायचे व्हय रे?"

"हो. डोंगरातनं, चिखलातनं. सगळेच."

"लई जड हाय." त्या म्हणाल्या. "शेवटच्या सुट्टीला आले तवा तापानं नुसता सापळा झालेला. पाण्याची घागर उचलू दिली नाय मी त्यांना."

ह्यांचा चेहरा पार उतरला. रायफल घ्यायला त्यांनी हात पुढे केला, पण सासूबाई ती सोडेनात. मला भीती वाटली, का ते कळेना.

"इतकी वर्सं वाटायचं, पलटणीतनं पळाले असतील," त्या खाली बघून म्हणाल्या. "कुठं तरी ऱ्हायले असतील. ह्ये घिऊन कुठलं पळत्यात."