खळीचं बोट

आज नातीबरोबर भेटकार्डं करायला कणकेची खळ शिजवली आणि त्या वासानं लहानपणीची एक दिवाळी आठवली.

इंदूर मध्य भारत राज्यात होतं, तेव्हाचे दिवस. तिथल्या घरी धाकट्या भावाला, बाळूला घेऊन मी दिवाळीची कार्डं करत होते. आईनं बजावलं होतं, "झुरळं लागू नयेत म्हणून खळीत मोरचूद घातलाय. जहर असतं ते, ध्यान ठेव." मी राजवाड्याजवळच्या बाजारातून आणलेली चमकी चिकटवत होते, तेवढ्यात बाळूनं खळीचं बोट चाटलं. सांगायची हिंमत झाली नाही. दुपारभर त्याचे ओठ निळे पडतात का, ते निरखत बसले.

खूप वर्षांनी आईला सांगितलं. ती म्हणाली, "मोरचूद घातलाच नव्हता गं. तू लक्ष ठेवावंस म्हणून म्हटलं."

आजची खळ मीच शिजवलेली, नुसती कणीक आणि पाणी. तरी नातीचं बोट तोंडाकडे गेलं, तसा मी तिचा हात घट्ट धरला.