तासलेली पेटी

कुठलंही काम निघो, पानाचा विडा या गालातून त्या गालात सारून आमचे शेजारी म्हणायचे, "हात बसला की झालं, मास्तर!" धंद्याने सुतार. त्यांच्या पाटावरून तळवा फिरवा, कुसळ लागायचं नाही. पण असे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. जे येतं त्याचं कौतुक नाही आणि जे येत नाही त्याची हौस दांडगी. यांना पेटी वाजवायची होती.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागे आमच्या भजनी मंडळाचा पेटीवाला बोटीने मुंबईला गेला, तो तिकडचाच झाला. गोकुळाष्टमी तोंडावर आलेली. हे हट्टाला पेटले.

"मी बसतो की! रंध्यावर जल्म गेला माजा. हात फुडं, हात मागं. पेटीत दुसरं काय हाय?"

दुसरं कोणी मिळेना, म्हणून मंडळाची पेटी त्यांच्या पडवीत गेली. रियाजही रंधा मारावा तसाच. या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या पट्ट्या दाबत जायचं आणि तसंच परत यायचं. हात काही बसेना, पेटीचा आवाज मात्र बसायला आला. आमची म्हैस पान्हा चोरू लागली, त्याचा आळही घरच्यांनी त्यांच्यावरच घेतला.

एक दिवस सगळं शांत झालं. बरं वाटलं म्हणून मी डोकावलो. पडवीभर काळा भुसा! या भल्या माणसाने काळ्या पट्ट्या तासून पांढऱ्यांच्या पातळीला आणल्या होत्या. वर रंगही गेलेला.

"अहो, हे काय केलंत?"

"बोट आडकत होतं. आडवी गाठ आली की तासायला नको?"

"लाकूडकामात लाकूड तासतात," मी ओरडलो, "इथे स्वतःला तासायचं असतं!"

विडा एका गालात थांबला. तेवढ्यापुरताच.

त्या अष्टमीला देवाने काय ऐकलं ते देवालाच ठाऊक. मंडळाने शिव्या घातल्या, पण नवी पेटी आणणार कोण? हे मात्र रोज त्या सपाट पट्ट्या चाचपत बसायचे. दुसऱ्या कोणी बसू नये म्हणूनच तासली, असं काही लोक म्हणत. एवढी अक्कल त्यांच्यात असेल, असं मला कधीच वाटलं नाही. पण काही वर्षांनी एका अभंगाला माझ्या हातातले टाळ आपोआप हळू झाले. पेटी ऐकावीशी वाटली होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. चढून बसले असते.

यंदा शिमग्याआधी ते गेले. अष्टमीला तो जुना पेटीवाला मुंबईहून आला होता. आम्ही मोठ्या आशेने पेटी त्याच्यापुढे सरकवली. त्याने काळी पट्टी शोधली, चुकला. पुन्हा शोधली, पुन्हा चुकला. मग त्याने हळूच भाता मिटला.

"याच्यावर त्यांचाच हात बसलाय, मास्तर."

त्या दिवशी भजन नुसत्या टाळांवर झालं.