पार्लरमागची खोली

त्या घरातून बाहेर पडायची वाट एकच, आणि ती पार्लरमधून जायची. पुढच्या खोलीत आईचं पार्लर, मागच्या खोलीत मायलेकींचा संसार आणि मध्ये फुलाफुलांचा पडदा. आई लेकीला लाडानं बुटकी म्हणायची. पंधराव्या वर्षी ती आईच्याही वर वीतभर गेली, तरी नाव काही सुटलं नाही.

त्याच वर्षी तिच्या कपाळावर आणि गालांवर मुरमं उठली. आईनं कंबर कसली. विक्रेते नमुन्याला देऊन जात त्या सगळ्या डब्या पोरीच्या तोंडावर रिकाम्या होऊ लागल्या. सकाळी क्रीम, दुपारी लेप, झोपताना तेल. मुरमं जायची सोडून हनुवटीवर उतरली. मग एका गिऱ्हाइकानं हसत हसत विचारलं, "ताई, घरच्या पोरीचं हे असं, तर आमचं काय करणार?" त्या दिवसापासून नियम झाला. खुर्चीत बाई असेल तोवर बुटकीनं पडद्याबाहेर यायचं नाही.

शाळेला जाता-येताना पार्लर बंद असे. व्हॉलीबॉलचा सराव मात्र संध्याकाळी पाचला, आणि पाचला खुर्ची कधी रिकामी नसे. बुटकी बूट घालून पडद्यामागे उभी राहायची. पलीकडे कात्रीचा आवाज, बायकांच्या गप्पा. सहा वाजले की मुकाट्यानं बूट काढायची. असे दोन सराव बुडाले. सरांनी निरोप धाडला, "शुक्रवारी संघ निवडतोय. आली नाहीस तर नाव कापलं समज."

बुधवारी आई तिला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी भिंगातून चेहरा पाहिला.

"या वयात दहातल्या आठ-नऊ मुलांना येतातच. शरीर बदलतं, त्वचेतलं तेल वाढतं, छिद्रं बुजतात. घरात कुणाला होती?"

"मला," आई पुटपुटली.

"मग झालं तर. शिवाय मुरमं फोडली, डोक्याला ताण असला, गोडधोड फार झालं, की काहींची वाढतात. चेहऱ्याला लावता काय?"

आईनं पिशवीतून एकेक करत नऊ डब्या टेबलावर मांडल्या. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "अहो, एवढ्यानं भिंतसुद्धा गुदमरेल! हे सगळं बंद. मी देते तेवढंच लावा. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील."

वाटेत आईनं डब्यांची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाली, "चांगलं करायला गेले गं मी."

"मग शुक्रवारी जाऊ ना मी, आई?"

"दोन-तीन महिने म्हणाल्या ना त्या? तोवर कळ काढ."

शुक्रवारी पाचाला दहा कमी असताना बुटकीनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. आई एका जाडजूड बाईंच्या भुवया कोरत होती. दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत होतं, आणि दोरा दातांत असला की आईला बोलता येत नसे. बुटकीनं पडदा सारला.

"अगंबाई! ही तुमचीच ना?" खुर्चीतल्या बाईंनी एक डोळा उघडला. "आणि चेहऱ्याला काय हे?"

आईचे डोळे विस्फारले. तोंडातून नुसतं "हं... हं!" आलं.

"मुरमं आहेत, मावशी." बुटकी दाराकडे सरकली. "दहातल्या आठ-नऊ जणांना होतात."

"मला सांगतेस? आमचा चिरंजीव आरशासमोर तास तास उभा असतो, मेला!"

बाकावर नंबर लावून बसलेल्या दोघी खुसखुसल्या. त्या कुणाला हसल्या हे बघायला बुटकी थांबली नाही.

संघात तिला घेतलं, पण राखीव म्हणून. ती परतली तेव्हा साडेसहा झाले होते आणि पार्लर गच्च भरलं होतं. काचेच्या दाराबाहेर ती घामेजलेली उभी राहिली. आत जायला दुसरी वाट नव्हती. आईनं तिला पाहिलं. हातातलं काम चालू ठेवून तिनं वाटेतलं स्टूल पायानं बाजूला सरकवलं आणि मान खाली घातली.

बुटकी आत शिरली, तशा सगळ्या आरशांत एकदम शिरली. गप्पा थांबल्या. पडद्यापर्यंत जेमतेम सात पावलं होती. ती पळत सुटली नाही, चालत गेली.