मध आजीला

पंचवटीतल्या प्रसूतिगृहातल्या नर्सबाई पोटुशींशी मऊ बोलत आणि सासवांवर अशा खेकसत, की गोदेवर धुणं धुणाऱ्या बायकांनी मान वर करावी. "कळ आली की दात आवळू नकोस गं, श्वास सोड," म्हणत त्यांनीच माझी सुटका केली.

पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायचं आणि बाळाला मध चाटवायचा, ही आमची रीत. सासूबाई वाटी घेऊन आल्या. नर्सबाईंनी तो मध त्यांनाच चाटवला. "आजी झालात, तोंड गोड करा! गाईच्या चिकाचा खरवस मागून खाता, मग लेकराचा चीक का सांडता?"

लेक पोटभर प्यायली.

धाकट्या जावेच्या बाळंतपणात विहीणबाईंनी मध आणला. सासूबाईंनी वाटी काढून घेतली. "आ करा." आणि खेकसायला तोंड उघडून दारात उभ्या असलेल्या नर्सबाईंनाही त्यांनी बोटभर चाटवला.