सुभद्राबाईंनी मागितलेलं मूठभर पीठ

जिला मी दार उघडलं नव्हतं, ती बाई आज सकाळी गेली.

सुभद्राबाई. नव्वदी ओलांडली होती.

त्यांच्या सुनेचा फोन आल्यापासून मी इथे शहरात, मुलाच्या घरी, नुसती फिरते आहे. चहा दोनदा उतू गेला. मुलगा म्हणतो, आई, जरा बस.

बसवत नाही. म्हणून हे टाईप करते आहे.

जळगाव जामोदकडचं आमचं छोटं बाजाराचं गाव. महाराष्ट्र होऊन बारा-तेरा वर्षं झाली होती, आणि माझ्या लग्नाला एक.

दुष्काळाचं साल.

आमच्याकडे मार्गशीर्षातली चंपाषष्ठी म्हणजे खंडोबाच्या देवळात गावजेवण. निखाऱ्यात भाजलेले गव्हाचे रोडगे आणि वांग्याचं भरीत. घरोघरचं पीठ एकत्र मळायचं आणि थंडीत, उन्हाला पाठ देऊन, सगळ्या गावानं पंगतीला बसायचं.

त्या वर्षी पंचांनी ठरवलं, जेवण बंद.

त्यांचंही चूक नव्हतं. विहिरी तळाला गेल्या होत्या. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. रेशनची लाल ज्वारी मिळायची, ती पुरायची नाही.

सुभद्राबाई आमच्याच गल्लीतल्या. माळ्याचं घर, नवरा दम्यानं खाटेवर. नदीकाठच्या वावरात विहिरीला थोडं पाणी होतं, ते घागरीनं घालून वांग्याच्या चार ओळी त्यांनी एकटीनं जगवल्या होत्या.

पंचांची बैठक चालू असताना त्या सरळ समोर जाऊन उभ्या राहिल्या. बायका तेव्हा तिथे जात नसत.

"वांगे माह्याकडून. पीठ मांगून आणू."

"देवाले समजते, सुभद्राबाई," पंचांतले एक म्हातारे म्हणाले. "पुढच्या साली करू."

"देवाचं राहू द्या जी. गाव दार लावून जेवून राह्यलं. ते पाहा पयले."

खरंच होतं ते. कोणाकडे किती दाणे उरलेत हे दुसऱ्याला कळू नये म्हणून लोकांनी एकमेकांकडे जाणं सोडलं होतं. आम्ही तर जात्यावर बसायच्या आधी कडी लावत होतो.

दुसऱ्या दिवसापासून सुभद्राबाई दारोदार फिरायला लागल्या. एक मूठ पीठ. जास्त नाही.

आमच्या दाराशी आल्या तेव्हा घरात मी आणि सासूबाई. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. कणगीत तळाला थोडे गहू होते आणि खाणारी तोंडं सात. मी त्यांना आजही दोष देत नाही.

"घरी कोनी हाये का?"

सासूबाई माझ्या कानात कुजबुजल्या, "सांग, कोनी नाही म्हना."

आणि मी, वीस वर्षांची शहाणी, आतून मोठ्यानं म्हणाले, "घरी कोणी नाही."



बाहेरून सुभद्राबाई म्हणाल्या, "बरं. आले की सांगजो त्यायले, सुभद्रा आली होती म्हून."

पावलं पुढच्या दाराकडे गेली. मी तशीच उभी. 

चंपाषष्ठीला सकाळी देवळाकडून धूर दिसला. सुभद्राबाईंनी गोवऱ्या पेटवल्या होत्या. लोक म्हणाले, वीस माणसांना पुरेल एवढंही पीठ जमलं नाही, तरी बाई मळायला बसली.

सासूबाई बराच वेळ तो धूर बघत राहिल्या. मग कणगीशी गेल्या. गहू दळले, दार न लावता. वाडगाभर पीठ पदराखाली घेतलं आणि मला म्हणाल्या, "चाल."

देवळाच्या अंगणात आमच्यासारखे बरेच जण होते. पदराखाली काहीतरी, नजर खाली. पंचांतले ते म्हातारेही गोवऱ्यांची पाटी घेऊन आले होते.

सासूबाईंनी वाडगा पुढे केला.

सुभद्राबाईंचे हात पिठात होते. वर न बघता म्हणाल्या, "तुमच्या घरचं तं पडलं ना, मामी. जे घरी नव्हते, त्यायच्या नावानं मीच टाकली एक-एक मूठ."

सासूबाईंनी वाडगा तरीही परातीत उलटा केला.  पदर खोचला आणि मळायला बसल्या. त्यांच्या शेजारी मी.

लाल ज्वारी मिसळलेले रोडगे त्या वर्षी भाजताना फुटत होते. प्रत्येकाला अर्धा-अर्धा आला. वांगं मात्र पोटभर. पंगत उठली तरी लोक घरी जाईनात, तिथेच बोलत बसले. त्यानंतर आमच्या गल्लीत दुपारची दारं पुन्हा उघडी राहायला लागली.

पण मला स्वस्थता नव्हती. "मीच टाकली" हा टोमणा होता, की माया? माझा आवाज त्यांनी ओळखला होता का? पुढे आम्ही शेजारणी म्हणून वर्षानुवर्षं एकत्र पापड लाटले, माझी बाळंतपणं त्यांनीच केली. विचारायचं दर वेळी जिभेवर यायचं, आणि मी दुसरंच काही बोलायचे.

मागच्या दिवाळीत गावी गेले, तेव्हा त्यांच्या खाटेशी बसून सगळं सांगून टाकलं. आवाज माझा होता म्हणून.

त्यांनी माझा हात हातात घेतला. बराच वेळ आठवायचा प्रयत्न केला.

"लय दारं होते वं बाई तवा," त्या म्हणाल्या. "तुयं कोन्तं, ते नाही राह्यलं ध्यानात."

मग म्हणाल्या, "जेवली का तू?"

झालं. रागही नाही, माफीही नाही. पन्नास वर्षं मी जे उराशी धरलं, ते त्यांनी ठेवलंच नव्हतं.

संध्याकाळच्या बसनं निघते आहे. शेवटचं दर्शन काही मिळणार नाही.

येते, सुभद्राबाई. तुम्ही सुखानं जा.